ह्यांतले आपले कोण?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



 मी वक्ता नाही. माझी सारी नोकरी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेली. पुस्तके द्यायची, परत घ्यायची आणि मुलांना हवे ते कुठे सापडेल ते सांगायचे, एवढेच काम मी केले. तेव्हा आज मी उपदेश करणार नाही. ग्रंथपालाजवळ जे असते तेच, म्हणजे शोधाशोधीची एक हकीकत, आपल्यापुढे ठेवणार आहे. तिच्यातून पालकांनी आणि मुलांनी काही घ्यावे असे मला वाटते, ते शेवटी सांगेन.

आमच्या मोहल्ल्यातला बारावीत शिकणारा एक मुलगा एके दिवशी माझ्याकडे आला. त्याचे आडनाव खान. शाळेने त्याला काही प्रकल्प लिहायला दिला होता आणि त्यासाठी विद्वानांचे लेख शोधण्याची साधने शिक्षकांनी वर्गात दाखवली होती. पोरच ते! विषय बाजूला ठेवून त्याने आधी आपले आडनाव टाकून पाहिले. मला म्हणाला, "सर, हजारो लेख निघाले. डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत, इतिहास लिहिणारे आहेत. एक लेख तर नुसत्या सरायांवर आहे. मला काहीच कळेना. ह्यांतले आपले कोण?"

मी हसलो खरा, पण त्याचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. गर्दीत आपले माणूस शोधावे, हे वय तसेच असते. मी त्याला म्हटले, "बेटा, बस. आपण दोघे मिळून पाहू." मग दोन संध्याकाळी आम्ही त्या एका शब्दामागे लागलो. त्यात जे सापडले ते असे.

प्रथम एक गोष्ट समजून घ्यायला हवी. पूर्वी ग्रंथालयात लाकडी खणांत कार्डे असत. एखादा ग्रंथ आला की माणूस तो हातात घेई, लेखक कोण, हा तोच की दुसरा, ह्याचा विचार करी आणि मग कार्ड लिही. आता नियतकालिकांचे शंभर-शंभर वर्षांचे अंक संगणकावर आले आहेत. जेस्टॉर नावाचा संग्रह १९९५ साली सुरू झाला, गूगल स्कॉलर २००४ साली आले, आणि आपल्या देशातील विद्यापीठांचे प्रबंध शोधगंगा ह्या भांडारात कोणालाही फुकट वाचायला मिळतात. ही मोठीच सोय आहे. माझ्या तरुणपणी ज्या अंकासाठी मुंबई-पुण्याची एसटी धरावी लागे, तो आज खेड्यातल्या मुलाच्या हातात येतो. तथापि, यंत्र माणसाला ओळखत नाही. ते अक्षरे जुळवते. आपण के-एच-ए-एन ही चार अक्षरे दिली की ती चार अक्षरे जिथे जिथे असतील ते सारे ते आपल्यापुढे आणून टाकते. ते माणसाचे नाव आहे, पदवी आहे, गाव आहे की इमारत, ह्याचा निवाडा आपण करायचा असतो.

आम्ही पहिल्या दिवशी हाच निवाडा केला. पुष्कळसे निकाल आडनावाचे नव्हतेच. मध्य आशियात 'खान' म्हणजे सरदार किंवा राजा. चंगीझ खान हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. तेव्हा मंगोलांच्या इतिहासावरचे सगळे लेख आमच्या जाळ्यात आले. अरबी आणि तुर्की मुलखांत 'खान' म्हणजे व्यापाऱ्यांची सराय. कैरोचा खान अल-खलिली हा बाजार प्रसिद्धच आहे. मुलाला सापडलेला सरायांवरचा लेख त्यातलाच! कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्ह येथे, शहराच्या एका प्रशासकीय विभागालाच खान म्हणतात. आणि रोमन लिपीत लिहिले तर आपल्या मराठीतील 'खाण' हा शब्दही तसाच दिसतो, त्याला काय करणार?

पुढे गंमत झाली. मुलाने शब्दाच्या शेवटी तारांकन दिले. तारांकन दिले म्हणजे त्या अक्षरांनी सुरू होणारे सर्व शब्द यंत्र आणते. लगेच खानदेश आला, खंडाळा आला, खंडोबा आला आणि वि. स. खांडेकरही आले! मुलगा म्हणाला, "सर, हे तर आपल्या मराठीच्या पुस्तकातले." मी म्हटले, "होय, आणि त्यांना इथे आपल्या तारांकनाने आणले."

ब्रिटिश अमदानीतल्या कागदपत्रांत आणखी एक प्रकार सापडतो. 'खानबहादूर' हा सरकारी किताब होता. तो मुसलमानांना मिळे, तसा पारशी गृहस्थांनाही मिळे. मुंबईतील अनेक इमारतींच्या बांधकामाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते अभियंते मुंचेरजी कावसजी मर्झबान हे पारशी, पण तेही खानबहादूर. खान हा शब्द पाहून माणसाचा धर्म ठरवणारा तिथे फसतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही खऱ्या माणसांकडे वळलो. तिथे पहिली ठेच अक्षरांचीच लागली. मुलाला इंजिनिअर व्हायचे आहे, म्हणून त्याने खान ह्या शब्दाबरोबर 'इमारत' आणि 'ढाका' हे शब्द इंग्रजीत टाकले. दोन माणसे पुढे आली. एकाचे स्पेलिंग के-एच-ए-एन, दुसऱ्याचे के-ए-एच-एन. मुलाला वाटले, छापण्यात चूक झाली असेल, माणूस एकच. पण तसे नव्हते. पहिले फजलुर रहमान खान. त्यांचा जन्म १९२९ साली ढाक्याला झाला. ते १९५२ साली शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात गेले आणि तीन वर्षांत डॉक्टरेट मिळवून पुढे शिकागोच्या उंच इमारतींचे शिल्पकार झाले. दुसरे लुई कान. ते ज्यू कुटुंबातले, फिलाडेल्फियाचे वास्तुविशारद. अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेची लाल विटांची इमारत त्यांची, आणि ढाक्याचे संसद भवनही त्यांचेच. म्हणजे ढाक्याचा मुलगा शिकागोत इमारती बांधत होता आणि फिलाडेल्फियाचा माणूस ढाक्यात. ढाक्याचे ते संसद भवन १९८२ साली पूर्ण झाले, आणि त्याच वर्षी फजलुर खान वारले. दोघांच्या नावात फरक एवढाच की 'एच' हे अक्षर एका घरापुढे सरकले आहे. घाईने वाचणारा एकाचे काम दुसऱ्याच्या पदरात सहज घालील.

दुसरी ठेच आद्याक्षरांची. शास्त्रीय लेखांत नाव आखडून लिहिण्याची रीत आहे. एफ. आर. खान म्हणजे हे इंजिनिअर. एफ. ए. खान म्हणजे सिंधमधील कोट दिजी येथे १९५५ आणि १९५७ साली उत्खनन करून हडप्पापूर्व वस्ती उजेडात आणणारे पुरातत्त्वज्ञ. मधले एक अक्षर चुकले की गगनचुंबी इमारत थेट जमिनीखाली जाते!

बरे, पूर्ण नाव दिले म्हणजे सुटका होते म्हणावे, तर तेही नाही. 'अजमल खान' असे टाकले तेव्हा दोन जण आले. एक दिल्लीचे हकीम अजमल खान, १८६८ ते १९२७. तिब्बिया महाविद्यालयाचे संस्थापक, जामिया मिल्लियाचे पहिले कुलपती आणि १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेसचे अध्यक्ष. दुसरे कराची विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ, ज्यांनी खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या वनस्पतींचा अभ्यास केला. आणि 'सलमान खान' असे टाकले तर काय होते ते मी सांगायला नको. विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही आताच हसू लागलात! पण शिक्षणशास्त्राच्या नियतकालिकांत जे सलमान खान येतात ते सिनेमातले नव्हेत. त्या गृहस्थांनी २००८ साली अमेरिकेत खान अकॅडमी स्थापन केली आणि गणिताचे धडे साऱ्या जगाला फुकट दिले. त्या अकॅडमीवर लिहिलेले लेखही आमच्या शोधात आले, कारण आता ते आडनाव संस्थेचे नाव झाले आहे.

इतिहासाच्या भागात शिरलो, तर दोन निरनिराळी दालने उघडली. अलीगढचे इक्तिदार आलम खान ह्यांचा मध्ययुगीन भारतातील बंदुका आणि दारूगोळा ह्यांवरील ग्रंथ २००४ सालचा. फाळणीवर ग्रंथ लिहिणाऱ्या यास्मिन खान ब्रिटनमधल्या. त्यांचा ग्रंथ २००७ सालचा. आडनाव एक, पण प्रश्न वेगळे, काळ वेगळा आणि कामाची पद्धतही वेगळी.

आता मी आपल्याला जे सांगणार आहे ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आम्हाला जे सापडले त्याचा हिशेब झाला. पण जे सापडले नाही त्याचे काय? त्या चार अक्षरांनी जी माणसे पुढे यायला हवी होती, पण आली नाहीत, त्यांच्यासाठी मी मुलाला आणखी एक संध्याकाळ बसवले.

सर सय्यद अहमद खान हे नाव ह्या सभागृहात कोणाला सांगायला नको. १८७५ साली त्यांनी अलीगढला कॉलेज काढले. पण ग्रंथालयांच्या तालिकांत त्यांची नोंद कुठे 'अहमद' खाली असते, कुठे 'सय्यद' खाली. खानच्या खणात शोधणारा रिकाम्या हाताने परत जातो.

हकीम अजमल खान तर आणखी एका ठिकाणी लपून बसले आहेत. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्य-हकिमांच्या फार दिवसांच्या परिचयाची. १९३१ साली सलीमुज्जमान सिद्दिकी ह्या रसायनशास्त्रज्ञाने तिच्या मुळांतून काही द्रव्ये वेगळी काढली आणि त्यांतल्या एकाला हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ 'अजमलीन' असे नाव दिले. हृदयाच्या ठोक्यांच्या बिघाडावर जे डॉक्टर आज लेख लिहितात, त्यांच्या लेखांत हे नाव वारंवार येते. तिथे खान हा शब्द नाही, परंतु हकीमसाहेब मात्र आहेत.

आपल्या मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब घ्या. १९३७ साली ते वारले. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले, त्या श्रुतींच्या अभ्यासात त्यांना खाँसाहेबांच्या गळ्याची मदत झाली. आता लेखकाच्या रकान्यात देवल सापडतात आणि ते रास्तच आहे. पण गाणारा गळा सापडायला आतली पाने वाचावी लागतात. शिवाय लिहिण्याची तऱ्हा पाहा. कुठे खान, कुठे खाँ, कुठे खां, कुठे ख खाली टिंब देऊन ख़ान. आपण हे सारे एकच वाचतो. यंत्राला ती चार वेगळी नावे वाटतात.

आणि एक मुलगी. बडोद्याचे सूफी गायक इनायत खान ह्यांची कन्या नूर. मुलांसाठी जातककथांचे पुस्तक तिने इंग्रजीत लिहिले, ते १९३९ साली प्रसिद्ध झाले. महायुद्धात ती ब्रिटनच्या गुप्त सेवेत बिनतारी संदेश पाठवण्याचे काम करण्यासाठी जर्मनांच्या ताब्यातील फ्रान्समध्ये उतरली, पकडली गेली आणि १९४४ साली दाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घालण्यात आली. १९४९ साली तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. ब्रिटिश सेवेत तिने नोरा बेकर असेही नाव वापरले, कारण बेकर हे तिच्या आईचे माहेरचे आडनाव. गुप्त कामातले नाव मॅडलीन. जो फक्त खान शोधील त्याला ह्या नावांखाली नूर भेटणार नाही.

एवढे झाल्यावर मुलगा गप्प झाला. मलाही माझी एक जुनी चूक आठवली, ती त्याला सांगितली. आज आपल्यालाही सांगतो, कारण लपवण्यात अर्थ नाही. नोकरीत असताना एका समारंभासाठी पाहुण्यांचा परिचय लिहून देण्याचे काम माझ्याकडे आले. पाहुणे खानच होते. मला वेळ थोडा होता. मी तालिकेत आडनाव आणि पहिले अक्षर पाहिले, तीन ग्रंथांची नावे उतरवून घेतली आणि कागद व्यासपीठावर पाठवला. सभेत तो वाचून दाखवण्यात आला. पाहुणे भाषणाला उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "हे तिन्ही ग्रंथ उत्तम आहेत. मी ते वाचले आहेत. पण लिहिले मात्र मी नाहीत." सभा हसली. मी मागच्या रांगेत मान खाली घालून बसलो. कार्यक्रमानंतर त्यांची क्षमा मागायला गेलो, तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही माझा मान वाढवलात, पण ज्याचे ग्रंथ आहेत त्याचा काढून घेतलात." ते वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. माझ्या आळसामुळे एका माणसाच्या कित्येक वर्षांच्या मेहनतीवर भलत्याचे नाव चढले. चुकीचा शोध हा नुसता चुकीचा शोध राहत नाही, त्यात कोणाचा तरी हक्क जातो.

आता पालकांशी थोडे बोलतो. एका पालकांनी मला विचारले होते, "सर, आमचे आडनाव वाचूनच लोक फाइल बाजूला ठेवतात. मग मुलाला इतके शिकवून उपयोग काय?" मी त्यांना खोटा दिलासा दिला नाही आणि आपल्यालाही देणार नाही. आडनाव वाचून मनाचे दार बंद करणारी माणसे आहेत. मी ती पाहिली आहेत. पण भाई, ह्या संग्रहांनी मला दुसरीही गोष्ट दाखवली. शिकागोची ती इमारत, तिचे जुने नाव सिअर्स टॉवर, ११० मजल्यांची आणि ४४२ मीटर उंच. १९९८ पर्यंत सुमारे पंचवीस वर्षे ती जगातली सर्वांत उंच इमारत होती. वाऱ्याचा जोर बाहेरच्या बाजूच्या दाट खांबांनी पेलायचा, म्हणजे इमारत पोकळ बांबूसारखी ताठ उभी राहते, ही फजलुर खानांची कल्पना. अशा नऊ नळ्या एकत्र बांधून ती इमारत उभी केली. त्या कल्पनेचा आधार आज जगभर घेतला जातो. घेणारा इंजिनिअर आधी आडनाव पाहत नाही. तो गणित बरोबर आहे की नाही ते पाहतो. बंद दारे आहेत, हे खरे. पण ज्याच्याजवळ पक्के काम आहे त्याला ठोठावण्यासाठी जास्त दारे असतात, हेही तितकेच खरे.

आणि दुसरे असे की, आडनाव पाहून लोक आपल्याबद्दल मत बनवतात म्हणून आपण रागावतो. मग आपणही आपल्या मुलांच्या बाबतीत तेच करू नये. "आपल्यात असले शिक्षण कोणी घेत नाही," "आपल्या मुलींनी हे विषय घ्यायचे नसतात," असे आपण घरात म्हणतो. ह्या 'आपल्यात' म्हणजे नक्की कोणात? एका आडनावाखाली हकीम निघाले, इंजिनिअर निघाले, जमीन खणणारे निघाले, गवई निघाले, फाळणीचा इतिहास लिहिणारी बाई निघाली, बिनतारी यंत्र घेऊन शत्रूच्या मुलखात उतरलेली मुलगी निघाली. आडनावाने कोणाचाही विषय ठरवून दिला नव्हता. मग तो आपण का ठरवून द्यावा?

आता एक अगदी घरगुती गोष्ट. माझ्या ओळखीतल्या एका मुलीची हकीकत सांगतो. शाळेच्या दाखल्यात तिचे आडनाव पठाण, कारण आजोबांनी तसे सांगितले. आपल्याकडे कित्येक घरांत खान आणि पठाण दोन्ही चालतात. बारावीच्या अर्जात कोणीतरी खान लिहिले. पदवीच्या कागदावर पहिल्या नावाचे स्पेलिंग बदलले. पुढे तिने चांगला अभ्यास करून एक लेख प्रसिद्ध केला, त्यावर चौथाच प्रकार. नोकरीच्या मुलाखतीत समोरच्यांनी तिचा लेख शोधला, तो सापडला नाही. तिने सांगितले, लेख माझाच आहे. तिच्यावर विश्वास ठेवायला कागदाचा आधार नव्हता. ती जागा गेली. नंतर प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील जाहिरात, ह्या कचेरीतून त्या कचेरीत फेऱ्या, असे दीड वर्ष गेले. मुलीची चूक काय? काहीच नाही. नाव लिहिताना मोठ्यांनी पुरेशी काळजी घेतली नाही, इतकेच.

म्हणून पालकहो, मूल शाळेत घालताना पाच मिनिटे जास्त द्या. आडनाव कोणते लावायचे ते घरात एकदा ठरवा. इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर लिहून ठेवा, आणि जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, आधार कार्ड, परीक्षेचा अर्ज, सगळीकडे तेच द्या. मोहम्मद हे नाव आखडून लिहू नका. कोणी एम-ओ-एच-डी लिहितो, कोणी एम-डी. परदेशातला माणूस ते नावच समजत नाही. एखादा तर ती डॉक्टरची पदवी समजतो! आणि मुलाचे पहिले नाव फक्त मोहम्मद असे नोंदले गेले, तर पुढे लेखावर 'एम. खान' येते. त्या गर्दीत आपले मूल कोणालाही सापडणार नाही. मुलींच्या नावापुढे कधी बी, कधी बेगम, कधी खातून, आणि लग्नानंतर नवे आडनाव. हे सारे आपल्या रीतीचे आहे, त्याला माझी हरकत नाही. पण जिचे काम एका नावाने प्रसिद्ध झाले आहे, तिने लेखनात तेच नाव चालू ठेवावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठीही चार गोष्टी सांगतो. शोध घेताना नुसते आडनाव टाकू नका. पूर्ण नाव अवतरणचिन्हांत द्या, त्याबरोबर विषयाचा एक शब्द आणि गावाचे किंवा संस्थेचे नाव द्या. लेखकाचा रकाना वेगळा असतो, त्याचा उपयोग करा. स्पेलिंगचे जितके प्रकार सुचतील तितके करून पाहा. सापडलेला लेख त्याच माणसाचा आहे की नाही हे काळ, ठिकाण आणि विषय ताडून ठरवा. शंका राहिली तर लिहू नका. आणि तुम्ही स्वतः लिहू लागाल तेव्हा ऑर्किड नावाचा सोळा अंकी क्रमांक घ्या. ही व्यवस्था २०१२ साली सुरू झाली. क्रमांक फुकट मिळतो. नाव सारखे असले तरी अंक सारखे नसतात, त्यामुळे तुमचे काम तुमच्याच नावावर राहते.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. ह्यांतले आपले कोण? तिसऱ्या संध्याकाळी निघताना त्याने मला पुन्हा तेच विचारले. मी म्हटले, "बेटा, ह्यांतला एकही तुझ्या नात्यातला नाही, असे धरून चाल. ज्याचे काम तू समजून घेशील तो तुझा. मग तो खान असो, कान असो, देवल असो की सिद्दिकी." त्याला ते पटले की नाही, हे मला त्या वेळी समजले नाही. मान हलवून तो निघून गेला.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला. फजलुर खानांच्या कामावरचा एक लेख त्याने वाचायचा प्रयत्न केला होता. इंग्रजी अवघड, गणित त्याहून अवघड. अर्धा लेख डोक्यावरून गेला, असे त्यानेच कबूल केले. पण त्याच्या वहीत एक प्रश्न लिहिलेला होता: इमारत जसजशी उंच होते तसतसा वाऱ्याचा दाब वाढतो, तर तो मोजतात कसा? मी म्हटले, "हे मला येत नाही. तुमच्या पदार्थविज्ञानाच्या सरांना विचार." तो तडक त्यांच्याकडे गेला. आडनावाबद्दल त्या दिवशी तो एक शब्दही बोलला नाही.

बंधुभगिनींनो, ही संस्था ज्यांनी काढली त्यांनी इमारत बांधली, वर्ग काढले, शिक्षक आणले. पुढचे काम आपले आहे. आपल्या मुलाच्या वहीत असा एखादा प्रश्न दिसला, तर त्याला "हे आपल्यात नाही" असे म्हणू नका. त्याचे नाव नीट लिहा, आणि त्याला शिकू द्या. उद्या कोणी त्या नावाने शोध घेतला, तर तिथे त्याचे स्वतःचे काम सापडले पाहिजे.